उंबऱ्याबाहेर गेलेले ताट

'ख्रिसमस' हा शब्द मराठीत अलीकडे रुळला. त्याआधी कित्येक पिढ्या आपला शब्द होता 'नाताळ'. शाळेला नाताळची सुट्टी असे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात २५ डिसेंबरच्या चौकटीत 'नाताळ' एवढेच छापलेले असे. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आणि तो लॅटिनमधल्या जन्मवाचक शब्दापासून. पाव, बटाटा, काजू, कोबी, चावी, घमेले, पगार, पाद्री हे शब्द ज्या गलबतांतून उतरले, त्यांतूनच हाही उतरला. बाकीचे बहुतेक शब्द वस्तूंचे आहेत. नाताळ हा मात्र एक दिवस आहे, आणि परक्या भाषेतला सणाचा दिवस आपल्या तोंडी इतका घरचा व्हावा, याचे मला बरीच वर्षे कुतूहल आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, रजा काढून, ग्रंथालयांत बसून आणि गावोगाव फिरून जे शिकलो ते शिकलो. त्यामुळे असेल कदाचित, पण तहनाम्यांपेक्षा माझे लक्ष घरांकडे जास्त जाते. वसईचा इतिहास वाचताना हे फार जाणवते. गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाशी तह करून वसई मुलूख दिला, तो २३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधी. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला, तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी, नाताळनंतर सहा दिवसांनी. या दोन डिसेंबरांच्या मध्ये १७३९ चा मे महिना आहे, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो. या तारखा शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण या सगळ्या काळात २५ डिसेंबरला वसईच्या, गोव्याच्या घरांत पानात काय वाढले जात होते, ते कोण ठरवत होते आणि त्यातले उंबऱ्याबाहेर काय जात होते, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यांची उत्तरे दप्तरांत थोडी आणि आज्यांच्या स्वयंपाकघरांत जास्त सापडतात.

दप्तरात जे सापडते, ते आधी पाहू.

नाताळची गोष्ट मराठी ओवीत आली ती १६१६ मध्ये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' त्या वर्षी गोव्यात रायतूरला छापले गेले. लिपी रोमन होती. भाषा मराठी, कोंकणीचा रंग असलेली. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ज्या लोकांनी पुराण ऐकण्याची सवय जपली होती, त्यांना पुराणाच्याच चालीवर ख्रिस्तजन्म सांगितला गेला. पण हा सलोखा फार टिकला नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. भाषेनंतर पाळी आली घराची. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जे फर्मान काढले, ते अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरील १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे अभ्यासकांना सहज पाहता आले. त्यात धर्मांतरितांना मनाई केलेल्या गोष्टींची यादी आहे. तुळस लावायची नाही. लग्नात पाने-फुले पाठवायची नाहीत. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात शिजवताना त्यात मीठ घालायचे. हिंदू शिजवतात तसा अळणी भात शिजवायचा नाही.

मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मिठाच्या कलमाशी थांबलो. आपल्याकडे भात अळणीच शिजतो; मीठ पानात डाव्या बाजूला वाढतात. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिला कोणी धर्म म्हणणार नाही. पण राज्यकर्त्यांना ती खुपली. म्हणजे चुलीवरच्या तपेल्यात काय चालले आहे याच्यावर माणसाची श्रद्धा जोखली जात होती, आणि चूल कोणाच्या हाती होती, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या.

मग नाताळचे ताट पाहावे. या फर्मानाचा हेतू सफल झाला असता, तर गोव्यातल्या ख्रिस्ती घराच्या नाताळच्या ताटात निव्वळ युरोपी पदार्थ दिसायला हवे होते. प्रत्यक्षात काय दिसते? पहिली दिसते ती नेवरी. देशावर आपण तिला करंजी म्हणतो. गोव्यातली हिंदू घरे ती चवथीला करतात, ख्रिस्ती घरे नाताळला. दुसरे दोदोल: तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ तासन् तास घोटून केलेले, काळेभोर. याच नावाचा पदार्थ मलाया-इंडोनेशियातही होतो. तिसरी बेबिंका, जिचे नावच परके वाटते: अंड्यांचे पिवळे, साखर, तूप, मैदा आणि नारळाचे दूध. एक थर भाजला की त्याच्यावर दुसरा. भट्टी नसलेल्या घरात हे भाजले जाई ते भांड्यावर झाकण ठेवून त्याच्यावर निखारे रचून. चौथे मासापांव, म्हणजे मार्झिपान. युरोपात ते बदामाचे. इथे बदाम महाग म्हणून काजूचे. आणि काजू तरी कुठला? ब्राझीलमधून पोर्तुगीजांनीच आणलेला. पाव फुगवायला यीस्ट नव्हते, तेव्हा माडाची सूर वापरली. मांसात वाइन आणि लसूण घालण्याच्या पोर्तुगीज रीतीला इथे सुरेचा शिरका आणि अमेरिकेतून आलेली मिरची मिळाली, आणि 'व्हिन्या द आल्यूश'चे विंदालू झाले.

हे सगळे एका दिवसात, एका हुकमाने झाले नाही. कोणा एका आजीने वाइन नाही म्हणून शिरका घातला, तिच्या सुनेने तो जरा वाढवला आणि नातीने तीच खरी रीत मानली. त्यांच्यापैकी एकीचेही नाव दप्तरात नाही.

वसईत गोष्ट आणखी वेगळी घडली. गोव्याहून चालणाऱ्या इन्क्विझिशनचा अधिकार उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखावरही होता. पण मिठाच्या त्या फर्मानाला तीन वर्षे होतात न होतात, तोच साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली गेली. युरोपी पाद्री निघून गेले. देवळे थोडी उरली, त्यांची देखभाल मोजक्या देशी धर्मगुरूंवर आली. पुढची काही दशके, मधला इंग्रजांच्या ताब्याचा लहान काळ सोडला तर, इथली ख्रिस्ती माणसे पेशव्यांची प्रजा म्हणून राहिली. नाताळ करा असे सांगणारे सरकार आता नव्हते आणि तो कसा करावा याच्यावर नजर ठेवणारेही नव्हते. तरी नाताळ राहिला. चर्च दुबळे झाले असताना सण टिकला, याचा अर्थ तो घराने टिकवला, असा मी लावतो. वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी ठरलेले पदार्थ करणे ही गोष्ट प्रवचनाशिवायही चालू राहते. ती चालू ठेवणारे माणूस घरात लागते, एवढेच.

असे माणूस कसे असते, ते मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात पाहिले. केळीच्या वाडीला लागून घर, मागे विहीर. घरातली आजी ऐंशीच्या पुढची, सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. घरच्यांशी ती कादोडी बोलीत बोले, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. नाताळला चार दिवस होते. मुंबई-पुण्याहून मुले-सुना आल्या होत्या. नातवंडे जमिनीवर बसून कलकले वळत होती: पिठाची गोळी नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, म्हणजे शंखासारखी रेघांची गुंडाळी होते. उन्हाळ्यात बायकांनी मिळून कांडलेला आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला फडताळात होता. नाताळच्या दिवशी जेवायला डुकराचे इंदयाल आणि फुगे व्हायचे होते. फुग्यांच्या पिठाची वेळ आजी कोणाला ठरवू देत नव्हती. 'घड्याळ बघून पीठ फुगत नाही,' असे ती सुनेला म्हणाली. सून बँकेत अधिकारी होती. तिने निमूट मान डोलावली.

एक गोष्ट मी टिपून घेतली. तळणीला सुरुवात करताना आजीने नवे तेल काढले आणि सर्वांत आधी एक घाणा करंज्यांचा तळला. त्या बाजूला काढून झाकून ठेवल्या. त्यानंतर त्याच कढईत अंड्याची कलकले पडली. मी कारण विचारले. शेजारचे घर सामवेदी ब्राह्मणांचे. बोली एकच, पण त्या घरात अंडे चालत नाही. 'त्यांचं ताट आधी,' आजी म्हणाली. 'दिवाळीला त्यांच्याकडून आलेलं ताट अजून माझ्याकडेच आहे. रिकामं कसं देऊ?'

आपल्याकडे कोणाचेही भांडे रिकामे परत करत नाहीत. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. या एका रीतीने दिवाळी आणि नाताळ यांच्यातला दोन महिन्यांचा काळ बांधला गेला होता. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या सासूच्या आधीपासून हे ताट असेच जात-येत होते.

इथे मला एका पोर्तुगीज शब्दाचा उलगडा झाला. 'कोन्सोआदा' हा तो शब्द. पोर्तुगालमध्ये कोन्सोआदा म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे घरच्यांचे जेवण. दार लावून, आपल्या माणसांत बसून जेवायचे. तोच शब्द गोव्यात आला आणि त्याचा अर्थ हलला. गोव्यात कोन्सोआदा म्हणजे नाताळच्या गोडधोडाचे ताट, जे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे पाठवायचे. शब्द तिकडे घराच्या आत होता. इकडे आल्यावर उंबरा ओलांडून बाहेर पडला. हा बदल कोणी घडवला? पोर्तुगीजांनी नाही. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या सणाचे वाण, फराळ, पहिल्या आंब्याची पाटी शेजारी पाठवली होती, त्या घरांनी धर्म बदलल्यावर नव्या सणालाही तीच रीत लावली. लग्नात पाने-फुले पाठवू नका असे फर्मानाने बजावले होते. नाताळच्या ताटातून पाठवण्याची ती सवयच परत आली, असे म्हणता येईल.

मराठी ख्रिस्ती म्हणजे केवळ वसई-गोवा नव्हे. देशावरची कहाणी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख गोडगोड होईल.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, इथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. हे मिशनरी बोस्टनहून चालणाऱ्या संस्थेचे, प्युरिटन परंपरेतले. बायबलमध्ये सांगितलेला नाही म्हणून त्यांचे पूर्वज नाताळ मानत नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा होता; तो १६८१ मध्ये रद्द झाला. तरी तिथे २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडावे लागले. म्हणजे नगरकडच्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यांच्या गुरूंकडून नाताळचे कोणतेही खास ताट मिळण्याची शक्यता फारशी नव्हती. त्यांनी ते आपल्या घरून घेतले: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू. आजही नगर-सोलापूर-जालना भागातल्या अनेक ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी जो घमघमाट सुटतो, तो दिवाळीच्या फराळाचाच. दारावर आकाशकंदिलाच्या जागी चांदणी लागते, एवढा फरक.

पण या घरांपैकी बरीच घरे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतली होती. ताट भरणे त्यांच्या हातात होते, ते घेतले जाणे नव्हते. अन्न कोणाच्या हातचे चालते हा प्रश्न धर्म बदलून सुटला नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तो घराच्या आतून दिसतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि वेगळे पाणी जपले. ते सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःशी विचार करून. ती पाने वाचताना कळते, की देवाविषयीच्या मतापेक्षा दुसऱ्याच्या हातचा पाण्याचा पेला जड असतो.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक भेटले. आज ते स्वतः आजोबा आहेत. नाताळला त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसे जमतात, अंगणात मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा होतो, आणि पहिली पंगत नातवंडांची बसते. आजोबा वाढायला उभे असतात. बसा म्हटले तरी बसत नाहीत. त्यांनी लहानपणचे सांगितले. त्यांची आजी दर नाताळला पितळेचे ताट भरून ठेवी. करंज्या, लाडू, वर फडके. गावात ते घेणारे घर नव्हते. 'मग कशाला भरायची?' असे त्यांनी तिला विचारले होते. आजी म्हणाली, 'मागितलं तर असावं.' रात्री ते ताट घरातलीच मुले संपवत. पुढे केव्हातरी, ते स्वतः शिक्षक झाल्यानंतर, गावातल्या एका विद्यार्थ्याच्या आईने नाताळच्या दिवशी दारात येऊन 'मास्तर, फराळ नाही का देत?' असे विचारले. तोवर आजी गेली होती. पितळेचे ताट होते. हे सांगताना ते हसत होते, पण पुढचे काही वेळ बोलले नाहीत.

वसईचे जात-येत राहिलेले ताट आणि नगरचे भरून घरातच राहिलेले ताट, ही दोन्ही आपल्या इतिहासात आहेत. पहिल्याचा अभिमान बाळगायचा आणि दुसरे विसरायचे, असे करून चालणार नाही.

आजच्या काळात या गोष्टी मांडाव्याशा वाटतात त्याला कारण आहे. वसईच्या त्या घरातल्या धाकट्या नातवाने मला सांगितले, की त्याच्या वर्गातल्या एका मुलाने 'तुमचा सण परदेशी आहे' असे त्याला सुनावले. मुलाला उत्तर देता आले नाही. आजीने त्याला तिथल्या तिथे विचारले, 'करंजी कुठली रे?' तो गप्प राहिला. उत्तर अवघड नाही, पण ते कोणी शिकवलेले नाही. एके काळी राज्यकर्ते म्हणत होते, तुमच्या घरात जुने फार उरले आहे, ते टाका. आता कोणी म्हणते, तुमच्या घरात परके फार आहे. दोघांनाही ताट नीट पाहायला वेळ नसतो. मिरची, बटाटा, काजू, पाव यांतले काहीच मूळचे इथले नाही आणि त्यांच्याशिवाय आपले एकही गाव जेवत नाही. उपासाच्या फराळातसुद्धा ब्राझीलहून आलेले शेंगदाणे आणि अमेरिकेतला बटाटा असतो.

दुसरी चिंता साधी आहे. ताटे कमी होत चालली आहेत. वसईत वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या. शेजारी कोण हे लिफ्टमध्येच कळते. दिवाळीचा फराळ दुकानातून येतो, नाताळचा केक खोक्यातून येतो, आणि खोके परत करायचे नसते. परत करायचे नसले की त्यात काही घालायचाही प्रश्न येत नाही.

या विषयावर काम करताना माझ्या हाती सर्वांत मोलाचे जे लागले, ते म्हणजे आज्यांच्या वह्या. शाळेच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर, धोब्याच्या हिशेबाशेजारी, 'करंजी: मैदा दोन शेर, नारळ चार, शेजारी देण्यास वेगळे' अशा नोंदी. शेवटचे तीन शब्द कोणत्याही पाकपुस्तकात मिळत नाहीत. किती घरांत किती ताटे जात, कोणाकडे पहिले जाई, कोणाचे परत आले नाही, हे त्या वह्यांत असते. कोणत्याही पुराभिलेखागारात त्या जमा होत नाहीत, आणि बहुतेक वेळा आजी गेल्यावर घर आवरताना रद्दीत जातात.

वाचकांच्या घरात, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, अशी एखादी वही असेल तर ती टाकू नये. आणि वही नसेल, पण आजी असेल, तर या दिवाळीत तिच्यापाशी बसून एवढेच विचारून लिहून ठेवावे: ताटे किती जायची, आणि कोणाकोणाकडे.